ज्याची बाटली, त्यानेच यावं

आमच्या गावात दारूच्या दुकानाला दारूचं दुकान कुणी म्हणत नाही, ‘आत्याकडे’ म्हणतात. माझं शिलाईचं दुकान बरोबर तिच्या समोर, त्यामुळे तिथे कोण जातं-येतं ते मला मान वर न करताही कळतं. पूर्वी तिथे मोठं माणूस सहसा दिसायचंच नाही. जायची ती पोरं.

पद्धतच तशी होती. घरून रिकामी बाटली द्यायची, पोराने पळत जायचं, आत्याने मापाने भरून द्यायची. तेल आणावं तशी दारू. बाप घरी अब्रू सांभाळून बसलेला, कारण तो स्वतः आत्याच्या पायरीवर दिसला तर लोक ‘पितो’ म्हणणार. पोरगं दिसलं तर कुणी काही म्हणत नाही! अकलेचे कांदे नुसते. एकदा शाळेत दारूच्या दुष्परिणामांवर मोठं भाषण झालं. पोरांनी टाळ्या वाजवल्या आणि संध्याकाळी बाटल्या घेऊन रांगेत उभी राहिली.

दुकान मूळ आत्याच्या नवऱ्याचं. तो स्वतःच स्वतःचं गिऱ्हाईक झाला आणि त्यातच गेला. दुकान चालवण्यावाचून तिला दुसरा मार्ग नव्हता. मूलबाळ नाही. तिचा भाऊ सुतार, त्याचा पोरगा तिच्या दुकानातच रांगायला शिकला. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून त्याचं नाव पडलं भिंगरी. तो ‘आत्या, आत्या’ करत फिरायचा, ते ऐकून सगळं गाव तिला आत्या म्हणू लागलं.

भिंगरी चौदा-पंधरा वर्षांचा झाला त्या सुमाराची गोष्ट. एके दिवशी सुतार तणतणत आला आणि भर रस्त्यात बहिणीवर ओरडला, “पाणी घालतेस तू दारूत! सख्ख्या भावालाही सोडलं नाहीस!” तशी कुजबूज गावात आधीपासून होतीच, त्याने तिला वाचा फोडली. आत्याचा चेहरा पांढराफटक पडला. मापाला ती चोख होती, हे मी शपथेवर सांगेन.

दुसऱ्या दिवशी तिने भावाची बाटली चारचौघांसमोर भरली, भिंगरीच्या हातात दिली आणि मला म्हणाली, “दादा, जरा दुकानावर लक्ष ठेवा.” मागच्या बोळाने ती गेली. परत आली ती थेट माझ्याकडे.

“नळावर थांबला,” ती म्हणाली. “दोन-तीन घोट घेतले. मग बाटली नळाखाली धरली, होती तेवढी भरली आणि शर्टाला तोंड पुसलं.”

मी मांडीवर थाप मारली. “म्हणजे चोर सापडला! सुटलीस की आत्या.”

ती हसली नाही. “दादा, त्याने तोंड वाकडं केलं नाही. पाणी प्यावं तसा प्याला. यांचंही तसंच झालं होतं.”

यांचं म्हणजे नवऱ्याचं. माझ्या हातातली कात्री हातातच राहिली.

सकाळी तिने माझ्याकडून पांढऱ्या कापडाचा तुकडा नेला आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहून दुकानावर टांगला: ‘ज्याची बाटली, त्यानेच यावं. पोरांच्या हाती मिळणार नाही.’

संध्याकाळी सगळी पोरं रिकाम्या बाटल्या घेऊन घरी परतली आणि थोड्या वेळात त्यांना पुढे घालून त्यांचे बाप आले. आमच्या गावात नक्की कोण कोण पितं, ते मला त्या दिवशी कळलं. सगळ्यांत पुढे सुतार. “पाणी घालताना पकडली गेलीस म्हणून हे नाटक! तुझा परवानाच बघतो आता!”

एका वाक्यात सुटली असती ती. तिने भिंगरीकडे पाहिलं. तो माझ्या मशीनला टेकून उभा होता, एकदाचा स्थिर.

“घातलं असेल पाणी, माझ्याच हातून घातलं गेलं असेल,” आत्या म्हणाली. “पण पोरांच्या हाती बाटली द्यायची नाही म्हणजे नाही.”

माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. मी उठलोच होतो, पण तिने असे डोळे वटारले की मी पुन्हा खाली बसलो.

तेवढ्यात भिंगरी रस्ता ओलांडून बापासमोर गेला. “बाबा, आत्याने नाही घातलं. मी घालायचो. आधी थोडी प्यायची, मग नळाचं पाणी.” मग इतर पोरांकडे बघून म्हणाला, “मी एकटाच नाही.”

बाकीची पोरं आपापल्या पायांची बोटं बघू लागली. सुताराने हात उगारला. आत्या ताडकन खाली उतरली आणि तिने तो हात वरच्या वर धरला.

“मारायचंच असेल तर बाटली देऊन पाठवणाऱ्याला आधी मार. मग भरून देणारीला. त्याचा नंबर तिसरा.”

जिथे दिसायला नको म्हणून सुतार पोराला पाठवायचा, त्याच पायरीवर तो मटकन बसला.

त्यानंतर ज्याला हवी तो स्वतः येऊ लागला. काहींची तर नुसत्या लाजेनेच सुटली. गिऱ्हाईक घटलं, आत्याने खिळे आणि दोऱ्या ठेवायला सुरुवात केली. शेजारच्या गावच्या दुकानदारालाही ती भेटून आली. त्याला काय बोलली देव जाणे, पण तिथेही कापड लागलं. सुतार संध्याकाळी पोराला रंध्यावर बसवू लागला. पहिले काही आठवडे भिंगरी चिडचिडा झाला होता, उगाच भांडायचा. आत्या त्याला काही विचारायची नाही. मात्र तो पाणी पिऊ लागला की शिवण तपासावी तशी त्याच्या तोंडाकडे बघत राहायची.

थंडीत त्याला खोकला झाला. आत्याने औषध आणलं, दारूसारख्याच उग्र वासाचं, आणि माझ्या दुकानातच त्याच्या तोंडात चमचा घातला.

भिंगरीचं तोंड एका बाजूला गेलं, डोळे मिटले, खांदे कानांपर्यंत आले. “शी! आत्या, कसला घाण वास आहे!” अर्धं औषध थुंकत तो नळाकडे पळाला.

आत्या चमचा धरून हसत होती आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “दादा, बघितलंत? बघितलंत ना?”

“बघितलं,” मी म्हणालो. मलाही इतकं हलकं वाटलं की शिवणयंत्रावरचा पाय उगाचच हलत राहिला.

तिने पदराने डोळे पुसले आणि रस्त्याकडे तोंड करून हाक मारली, “ए भिंगरी, अर्धाच चमचा गेलाय पोटात! ये इकडे, अजून एकदा घे!”