अण्णांची लेक अनिवासी झाली

मला जर्मनीत नोकरी लागली तेव्हा अण्णांनी पुंडलिकनगरातल्या आमच्या गल्लीत घरोघरी इमरती वाटली. अण्णा म्हणजे माझे वडील. कन्नडच्या तहसील कचेरीत ते कारकून होते. माझ्या कॉलेजसाठी त्यांनी बिऱ्हाड शहरात आणलं आणि निवृत्त होईपर्यंत स्वतः एसटीनं ये-जा केली. इमरती देताना ते प्रत्येकाला माझं काम समजावून सांगायचे. "औषधाच्या गोळ्या पाकिटात भरायची मशीन असते ना, ती कशी बनवायची ते ही कागदावर काढून देते. मग तिकडं कारखान्यात तशी बनते." हे त्यांनी इतक्यांदा सांगितलं की शेवटी आईसुद्धा त्याच शब्दांत सांगायला लागली.

त्याआधी सहा वर्षं मी वाळूजच्या एका कंपनीत होते. तिथं माझ्या पगारातून पहिल्यांदा आयकर कापला गेला तेव्हा मी वैतागले होते आणि अण्णा हरखले होते. त्यांचा स्वतःचा कर निवृत्तीच्या तोंडावर दोन-तीन वर्षंच काय तो कापला गेला. "पोरगी सरकारला देती," असं ते भाजीवाल्यालाही सांगत. दर जुलैत माझं विवरणपत्र भरायचा दिवस ते सणासारखा लक्षात ठेवायचे.

जर्मनीला मी जूनमध्ये गेले. पुढच्या वर्षी जुलैत तीन आठवड्यांच्या रजेवर घरी आले. आल्या दिवशी नळाला पाणी होतं, त्यामुळं आई टाक्या भरण्यात गुंतलेली. अण्णा मात्र दारातच म्हणाले, "बाई, यंदाचं भरायचं राहिलंय."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं गुलमंडीला गेलो. माझी शाळेतली मैत्रीण तिथं एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर कर सल्लागाराचं काम करते. खाली तिच्या वडलांचं दुकान, वर हिचं ऑफिस. आम्हाला बघून तिनं खालून चहा मागवला, माझी सगळी कागदपत्रं चाळली, पासपोर्टवरचे शिक्के बघितले आणि म्हणाली, "यंदा तुझं स्टेटस बदलतंय. तू आता अनिवासी."

"म्हणजे?" अण्णांनी विचारलं.

"म्हणजे काका, वर्षातले बहुतेक दिवस ही नोकरीसाठी बाहेर होती. कायद्यानं ही आता इथली रहिवासी नाय. तसं लिहून द्यावं लागेल. बँकेतलं खातंबी बदलावं लागेल."

अण्णांचा चहा तसाच राहिला. "मी तीस-पस्तीस वर्षं लोकांना रहिवासी दाखले दिले," ते म्हणाले. "अन् माझी लेक लिहून देणार की मी इथली नाही?"

मैत्रिणीनं समजावलं की याचा नागरिकत्वाशी काही संबंध नाही, पासपोर्ट भारताचाच राहतो, हा फक्त कराचा हिशोब आहे. अण्णांनी मान हलवली, पण जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला नाही. एरवी त्या उभ्या जिन्यावर ते नेहमी धरतात.

घरी आलो तर चुलतभाऊ आलेला. त्याचं सिमेंटचं दुकान आहे आणि सरकारी कागदांबद्दल त्याच्याकडं नेहमी एक सोपा उपाय असतो. अण्णांचा चेहरा बघून त्यानं विचारलं आणि मी त्याला नि आईला सगळं सांगितलं.

"एवढंच ना?" तो म्हणाला. "मंग रहिवासीच लिवायचं की. कोण बघतंय?"

मी म्हणाले, "रहिवासी लिहिलं तर तिकडचा पगारही इथं दाखवावा लागतो."

"तो दाखवूच नको. जर्मनीचं नावच काढू नको. काका, तुमच्या मनासारखं व्हतंय, तिचंबी काय जात नाय."

मी अण्णांकडं बघितलं. त्यांना हवं होतं तेच कुणीतरी ताटात वाढून दिलं होतं. माझी लेक इथलीच, हे कागदावर राहणार होतं, फक्त एक गोष्ट बोलायची नव्हती. मला खरंच वाटलं की ते हो म्हणतील, आणि म्हणाले तर मी काय करणार, हे मला कळेना.

अण्णांनी खुर्ची पुढं ओढली आणि त्याला म्हणाले, "पिशोरच्या निवडणुकीचं तुला म्हायती नाय. तू लहान होतास."

मलाही ते माहीत नव्हतं. पिशोर आमचं मूळ गाव. अण्णा नोकरीसाठी कन्नडला राहायला आल्यावर त्यांनी स्वतः अर्ज देऊन गावच्या मतदार यादीतून आपलं नाव काढून घेतलं होतं. मग ग्रामपंचायतीची निवडणूक लागली. त्यांचाच एक बालमित्र उभा होता आणि एकेका मतावर सगळं अडलेलं. तो जीप घेऊन कन्नडला आला. तेव्हा कळलं की अण्णांचं नावच यादीत नाही.

"मला म्हणला, तू तर कचेरीतला माणूस. नाव राहू दिलं असतंस तर कोण इचारणार होतं? मी म्हणलं, मी राहतो कन्नडला. पिशोरला राहतो असं कसं लिवू? तो म्हणला, गावाला इसरलास. माझ्या बापानंबी तेच म्हणलं. दोन दिवाळ्या माझ्याशी धड बोलला नाय."

"मग?" आईनं विचारलं. बहुतेक तिला माहीत होतं, पण तिनं विचारलं.

"मग काय? गाव कुठं यादीत असतं व्हय?" अण्णा उठले. "मी माझ्या बापासाठी खोटं लिवलं नाय. ही माझ्यासाठी कशाला लिवील? जे हाय ते लिव, बाई. तू राहती तिकडं. तिकडंच लिव."

चुलतभाऊ म्हणाला, "बघा बुवा," आणि चहा घेऊन गेला. मी स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी पुसत बसले, कारण डोळे भरून आले होते आणि ते अण्णांनी बघायला नको होते. मोठमोठ्या लोकांबरोबर मी काम केलंय. पण त्या दिवशी अण्णांचा वाटला एवढा अभिमान मला कुणाचाच वाटला नव्हता.

दोन दिवसांनी बँकेत गेलो. माझं साधं खातं बंद करून परदेशात राहणाऱ्यांचं खातं करायचं होतं. टेबलामागच्या बाईंनी पासपोर्ट, व्हिसा, तिकडच्या घराचा पत्ता सगळं घेतलं आणि विचारलं, "तुम्ही स्वतःहून आलात? लोक वर्षानुवर्षं येतच नाहीत. आम्ही फोन करून थकतो."

मी काही बोलायच्या आत अण्णा म्हणाले, "आमच्याकडं तशी पद्धत नाही." आणि लगेच, "ती मशीन काढती. गोळ्या पाकिटात भरायची असते ना..." मागच्या रांगेतला एक म्हातारा पुढं सरकून ऐकायला लागला. अण्णांनी त्यालाही सगळं पहिल्यापासून सांगितलं. बाईंनी सह्या घेतल्या तरी ते थांबेनात.

तिथून थेट गुलमंडी. मैत्रिणीनं संगणक माझ्याकडं वळवला. "हे तूच कर," ती म्हणाली. अनिवासी या शब्दासमोरचा गोल रिकामा होता. एवढं सगळं झाल्यावरही बोट क्षणभर अडलं. मग मी दाबलं.

ती पुढचं भरत असताना अण्णांनी हळूच विचारलं, "म्हणजे आता ही इथं काहीच भरणार नाही?"

"भरणार ना, काका! हिच्या इथल्या ठेवींचं व्याज हाय. त्याच्यावरचा कर इथंच. तिकडच्या पगाराचा तिकडं."

"इथंबी भरती अन् तिकडंबी?"

"जी, काका. दोन्हीकडं कायद्यात."

अण्णा खुर्चीत मागं रेलले. असे ते फक्त माझ्या दहावीच्या निकालाच्या दिवशी रेललेले मला आठवतात. "बेटा, चहा सांग," ते मैत्रिणीला म्हणाले, "आज मी पाजतो." तिनं खाली आवाज दिला आणि तिच्या वडलांनी पैसे घ्यायला साफ नकार दिला, त्यावरून दोघा म्हाताऱ्यांत जिन्यावर चांगली दहा मिनिटं जुंपली.

परत जायच्या आधी पिशोरला आत्याकडं जेवायला गेलो. आत्यानं पुरणपोळी वाढता वाढता विचारलं, "काय गं, तू आता तिकडची झाली म्हणं?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात अण्णांनी सुरुवात केली. अनिवासी भारतीय म्हणजे काय, हा शब्द सरकारचाच कसा आहे, बँकेतल्या बाई काय म्हणाल्या, कर दोन्ही देशांत कसा भरतात, सगळं. पोळी गार झाली. आत्या हातात तुपाची वाटी घेऊन शेवटपर्यंत उभी होती.

"मला त्यातलं काय कळलं नाय," ती म्हणाली. "पण पोरगी लई मोठं काम करती म्हंजे."

"व्हय," अण्णा म्हणाले आणि पोळीवर तूप वाढायची खूण केली.