कलेक्टरला इटालियन येत होतं

हे १९७८ सालचं की ८१ चं, हे आता मला नक्की सांगता येणार नाही. वर्ष आठवलं की माणूस चुकतो, आणि माणूस आठवला की वर्ष! बायको म्हणते, तुम्ही दोन किस्से शिवून एक करता. करत असेन. पण नालवाडीच्या आमच्या ओट्यावर इतके किस्से साचले, की कुठला कुणाचा हे वेगळं काढणं आता माझ्याच्यानं होत नाही. चूक दिसली तर सोडून द्या.

ओट्यावर आम्ही तिघं. मी भाषाशास्त्राचा प्राध्यापक, इटालियन काव्यावर डॉक्टरेट केलेला. भोयर सर भूगोल शिकवायचे. वानखेडे पोस्टात होते आणि आम्हा दोघांनाही काही येत नाही असं त्यांचं मत होतं. डॉक्टरेट मिळाल्यापासून मलाही तीच शंका होती.

*

त्या वर्षी जवळच्या एका ग्रामोद्योग संस्थेत दोन परदेशी पाहुणे राहायला आले. एक इटलीचा मारिओ, एक इंडोनेशियाचा हार्तोनो. दोघं साबण करायला शिकत होते.

मी मारिओला ओट्यावर बोलावलं. आयुष्यात पहिल्यांदा खऱ्या इटालियन माणसाशी इटालियन बोलायचं होतं! मी वाक्य जुळवून त्याला चहा विचारला. तो एकदम उठून उभाच राहिला.

मग त्यानं मोडक्या इंग्रजीत खुलासा केला. माझं सगळं इटालियन सहाशे वर्षांपूर्वीच्या कवितांमधलं. "हे नरश्रेष्ठा, आपण पेय ग्रहण कराल काय?" असं काहीसं मी विचारलं होतं.

"मंग त्यानं उभं नाई राहाव तं काय कराव?" वानखेडे म्हणाले. "मी बी राह्यलो असतो!"

*

मारिओ बोलायला लागला की त्याचे दोन्ही हात सुटायचे. स्वयंपाकाचं बोलताना बोटं, सरकारचं बोलताना कोपर. एकदा त्याच्या गावच्या चर्चचा कळस किती उंच ते दाखवताना त्यानं चिवड्याची अख्खी थाळी भोयरांच्या मांडीवर उडवली.

हार्तोनोचं उलट. हात मांडीवर, चेहऱ्यावर हसू, आणि आवाज इतका हळू की पंखा बंद करावा लागे.

वानखेडे माझ्या कानाशी म्हणाले, "सर, या मारिओचे हात बांधून ठेवले, तं बिचारा मुका होऊन जाईन!"

*

पुढे आमच्यात फाटाफूट झाली. भोयर हार्तोनोकडे इंडोनेशियन शिकू लागले आणि महिन्याभरात ओट्यावर माझं बोलणं बंद पाडू लागले.

"प्रोफेसर, काय तुमचं ते इटालियन! टेबल बाई, पुस्तक बाप्या. क्रियापदाचे शंभर नखरे! आमच्याकडं लिंग नाई, काळ नाई, काईच नाई. एक पुस्तक म्हणजे बुकू. भल्ले पुस्तकं म्हणजे बुकू-बुकू. खतम!"

"असं हाये काय?" वानखेडे म्हणाले. "मंग माह्या घरी पोट्टे जन्मापासून इंडोनेशियन बोलून राह्यले. बिस्किट-बिस्किट, बिस्किट-बिस्किट!"

मी म्हणालो, इटालियनचं बळ वेगळं आहे. जवळजवळ प्रत्येक शब्द स्वरावर संपतो. तो थेट कानात शिरतो. अर्थ न कळणाऱ्यालाही कळतो!

"कोनाले बी?" भोयरांनी विचारलं.

मी घाबरून "हो" म्हणालो. मी घाबरलो की हो म्हणतो. लग्नाचंही तसंच झालं.

*

वाद इतका चिघळला की कुणाची भाषा अर्थ न कळणाऱ्यालाही कळते यावर पैज लागली. जो हरेल त्यानं ओट्यावर आपल्या भाषेचं नावसुद्धा काढायचं नाही. कायमचं!

भोयरांना भूगोल होता, शेती होती, मेव्हण्याची निंदा होती. माझ्याकडून इटालियन गेलं तर बोलायला उरत होतं फक्त ब्लड प्रेशर. मी मारिओच्या नकला करत आरशासमोर सराव सुरू केला. शब्दही तसेच, हातही तसेच.

बायको दारातून बघत होती. "अहो, नोकरी सोडून आता चौकात शिट्टी घेऊन उभं राहायचं ठरवलंय का?"

*

परीक्षा झाली रोहण्याला, भोयरांच्या भावाच्या, दादारावांच्या शेतात. आम्ही हुरडा खायला गेलो होतो. परीक्षक शोधला वानखेड्यांनी. दादारावांचा पांढरा बैल, नाव कलेक्टर.

"कलेक्टर काऊन?" मी विचारलं.

"कोनाचंच आयकत नाई न जी!" दादाराव म्हणाले. "बोंबलून बोंबलून नरडं बसते, हा ढिम्म!"

"बेस झालं!" वानखेडे म्हणाले. "मराठीचा बी पक्षपात नाई!"

बैल मोकळा सोडला. पहिली पाळी भोयरांची. ते समोर उभे राहिले, हार्तोनोसारखे हात पोटाशी जुळवले आणि मान लववून गोड आवाजात म्हणाले, "सिलाकान जालान." म्हणजे, कृपया चालावे.

कलेक्टर रवंथ करत राहिला. भोयर पुन्हा म्हणाले. कलेक्टरनं शेपटीनं माशी वारली.

माझी पाळी आली. मनात म्हटलं, गेलं इटालियन! मग डोळे मिटून दोन्ही हात मारिओसारखे स्वतःकडे जोरात ओढले आणि ओरडलो, "आवान्ती!" म्हणजे, पुढे या.

डोळे उघडले तर कलेक्टर निघाला होता! सरळ माझ्या दिशेनं! मी मागे सरकलो, तो पुढे आला. मी पळालो, तोही पळाला! वानखेडे हुरड्याची कणसं टाकून राखणीच्या माळ्यावर चढले. शेवटी बांधाशी अडकलो, वळलो, तळहात त्याच्या नाकासमोर धरून किंचाळलो, "फेर्मो!" म्हणजे, थांब.

कलेक्टर जागच्या जागी थांबला.

मग दादाराव हळूच म्हणाले, "मास्तर, हे दोन शब्द मले बी शिकवून जाजो."

*

भोयरांनी शब्द पाळला. त्या दिवसापासून ओट्यावर इंडोनेशियनचा उच्चार नाही. मी मात्र "स्वरान्त शब्द आणि जनावराचा कान" यावर कॉलेजात व्याख्यान दिलं. आयुष्यात त्या एकाच व्याख्यानाला मला शंका आली नव्हती.

पुढे बऱ्याच वर्षांनी नाचणगावला एका लग्नात पंगतीत शेजारी रोहण्याकडचे जुने गुरांचे डॉक्टर बसले होते. मी भीतभीत विचारलं, दादाराव भोयरांचा पांढरा बैल आठवतो का?

"कलेक्टर? आठवते न! त्याले मीच तपासलं होतं. जन्माचा बहिरा होता तो."

मी त्यांच्याकडून पुन्हा एकदा खात्री करून घेतली.

"दोन्ही कानांनी, सर," ते म्हणाले आणि जिलेबी वाढणाऱ्याकडे वळले.