गोधडीखालचा कॉम्प्युटर

बाबा वाचायला बसले की आमच्या घरातले पंखे एकेक करून बंद व्हायचे. आधी छताचा, मग स्वयंपाकघरातला एक्झॉस्ट. आई फ्रिजचं बटणही बंद करायची. शेवटी बाबा खाली वाकून कॉम्प्युटरचा पंखा बंद करायचे आणि खोलीत अशी शांतता उतरायची की स्वतःचा श्वासही आगाऊ वाटावा. धायरीतल्या आमच्या फ्लॅटची ती मागची खोली, दुपारचे अडीच, जुन्या पडद्यातून गाळून आलेला पिवळट उजेड आणि माइकसमोर बनियनवर बसलेले बाबा. ते घसा साफ करायचे आणि म्हणायचे, "प्रकरण तिसरे. नदीखोरी."

मी तिथेच फरशीवर उशी घेऊन पडलेली असायचे. माझं आयटीतलं काम घरूनच चालायचं आणि जेवणाच्या सुट्टीत त्या खोलीइतकं सुख मला कुठेच मिळत नसे, घामाने मान भिजली तरी. बाबांचा आवाज काही भरदार नव्हता. थोडा नाकातला, पण स्वच्छ. त्या आवाजात भीमा उगम पावायची, वळणं घ्यायची, तिला नीरा येऊन मिळायची आणि त्या संगमापर्यंत पोचेस्तोवर माझे डोळे मिटलेले असायचे. अर्धवट झोपेत वाटायचं, आपण संथ पाण्यावर उताणे पडलो आहोत आणि काठाकाठाने बाबा बोलत चालले आहेत. शाळेत शिकलेला भूगोल मी कधीच विसरले. हा मात्र अजून पाठ आहे.

बाबा हे वाचायचे अंध विद्यार्थ्यांसाठी. त्यांच्या लहानपणी त्यांच्या गावातल्या वस्तीत वाचता येणारी माणसं दोन-तीनच, त्यातले एक माझे आजोबा. संध्याकाळी लोक पत्रं, सरकारी नोटिसा घेऊन दारात येऊन बसायचे. आपल्याला वाचता येतं म्हणजे ते दुसऱ्याला वाचून दाखवायचं, हे बाबांच्या अंगात तिथेच मुरलं असावं. सरकारी कचेरीतून निवृत्त झाल्यावर त्यांनी एका ग्रंथालयासाठी बरीच पुस्तकं वाचली. भूगोलाचं हे पुस्तक मात्र एकाच मुलीसाठी होतं. ती वाघोलीला होस्टेलवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करत होती. जन्मापासून दिसत नसलेली, फोनवर भराभर बोलणारी आणि बाबांना 'सर' म्हणणारी. पुस्तकाची चौदा प्रकरणं होती. एकेक तयार झालं की बाबा मला फाइल पाठवायला सांगायचे.

कॉम्प्युटर माझ्या हातचा. बुधवार पेठेतून एकेक भाग आणून मीच जोडलेला. त्यात दोन हार्ड डिस्क होत्या, एकीवर बाबांचं वाचन आणि दुसरीवर त्याचीच नक्कल. आमच्याकडे सगळे ज्याला सीपीयू म्हणतात ती पेटी लहान होती, म्हणून दोन्ही डिस्क मी एकावर एक बसवल्या, मधे बोटभरही फट न ठेवता. हार्ड डिस्क चालताना गरम होते आणि समोरून वारा लागला तर बरी राहते, हे मला माहीत होतं. पण पंख्याची घरघर माइक पकडतो, अशी बाबांची तक्रार. म्हणून मग बटणाने बंद करता येईल असा पंखा घ्यायला मी परत पेठेत गेले. दुकानदाराने चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"बंद करायला हवाय?"

"रेकॉर्डिंगपुरता."

"मग नेता कशाला, ताई? इथे बंदच आहे तो."

मला राग आला. रागाच्या भरात मी पंखा घेतला आणि घरी येऊन बटण बाबांच्या हाताला येईल असं पेटीच्या पुढे बसवलं.

पंखा गप्प झाला तरी डिस्कची स्वतःची बारीक किरकिर उरलीच. त्यावर आईने उपाय काढला. आई गोधड्या शिवते. जुन्या साड्यांचे तुकडे काढून तिने सीपीयूच्या मापाची एक गोधडी शिवली, तीन पदरी, कडेला लाल पट्टी आणि मागे वायरी बाहेर यायला नीट बटणघरासारखी भोकं. पंखा बंद करायचा, वरून गोधडी घालायची आणि वाचायचं. किरकिर खरंच गेली. गोधडी ऊब देते हे आईला कुणी सांगायची गरज नव्हती. मला होती. इंजिनिअर असून मी त्या गोधडीचा फोटो काढला आणि ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. सगळ्यांनी हृदयं पाठवली.

वाचन संपलं की पंखा लावायचा आणि गोधडी काढायची, असं ठरलं होतं. पण संपायचं कसं? पुस्तक मिटेपर्यंत मी झोपलेली असायचे. बाबा खुर्चीतच मान टाकायचे. आई दारातून डोकवायची, आम्हाला दोघांना पाहायची आणि पाऊल न वाजवता परत जायची. चारला चहाची भांडी वाजली की आम्ही उठायचो. तोवर तो कॉम्प्युटर गोधडीखाली गप्पगार चालू. एकदा पेटीला हात लागला तर चहाच्या पातेल्याइतकी गरम लागली. मी म्हटलं, "बाबा, पंखा लावत जा हो." ते म्हणाले, "लावतो ना." आणि आम्ही चहा प्यायलो.

मग बाबांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशन करावं लागेल आणि आवाज पहिल्यासारखा राहणार नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. घरी येताना रिक्षात बाबा म्हणाले, "पाच प्रकरणं राहिलीत." दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी आणि दुपारी दोन्ही वेळ बसू लागले. मधे खोकला यायचा, थांबायचे, तोच परिच्छेद पुन्हा घ्यायचे. फाइली नंतर एकदम पाठवू, आधी वाचून होऊ दे, म्हणायचे. दहा दिवसांत पाचही प्रकरणं झाली. एप्रिलचे दिवस होते. त्या दहा दिवसांत गोधडी जवळजवळ निघालीच नाही.

ऑपरेशननंतर बाबांकडे फक्त कुजबुज उरली. जवळ कान नेला तर ऐकू यायची.

मे महिन्यात मी ती पाच प्रकरणं पाठवायला बसले. परीक्षा तीन आठवड्यांवर आली होती. कॉम्प्युटर लावला, तर आतून टक् टक् असा आवाज यायला लागला आणि फोल्डर दिसेनासे झाले. नक्कल ठेवलेली डिस्क तर उठलीच नाही. मी सगळं बंद केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी थंडाव्याला पुन्हा लावलं, तर पहिली डिस्क गुपचूप उघडली, दहाएक मिनिटं चालली आणि तापताच पुन्हा गेली. तेव्हा मला त्या सगळ्या दुपारी आठवल्या. डेटा काढून देणाऱ्या एका माणसाला फोन केला. तो म्हणाला, डिस्क अजिबात लावू नका, आमच्याकडे द्या, महिना लागेल, खात्री देत नाही. महिना आमच्याकडे नव्हता.

मी डिस्क पेटीतून बाहेर काढली. टेबलावर स्टीलचं ताट पालथं घातलं, त्यावर ती ठेवली, वायर लांबवून माझ्या लॅपटॉपला जोडली आणि टेबलफॅन नाकासमोर लावला. दहा मिनिटं चालवायची, तासभर विसावा द्यायचा. खिडक्या उघड्या, छताचा पंखा जोरात, पडदे उडत होते. बाबा शेजारी स्टूल घेऊन बसले आणि घडी घातलेल्या पेपरने त्या डिस्कला वारा घालू लागले. टेबलफॅनपुढे त्या पेपराचा काही उपयोग नव्हता. पण त्यांना थांबा म्हणायचं माझ्याने झालं नाही.

डिस्कवर दोन फोल्डर होते. एकाचं नाव 'पुस्तक', दुसऱ्याचं 'कच्चं'. 'पुस्तक'मध्ये तयार प्रकरणं होती. 'कच्चं'मध्ये कापून टाकलेलं सगळं: खोकला, चुका, "अगं, पाणी दे जरा," आईशी कुकरवरून झालेली हुज्जत, मी घोरतेय म्हणून मला मारलेली हाक. वाचणारे बाबा ग्रंथालयात होते, कितीतरी पुस्तकांत. बोलणारे बाबा फक्त या एका फोल्डरमध्ये उरले होते.

बाबांनी बोट 'पुस्तक'वर ठेवलं. मी मान डोलावली. ते औषध घ्यायला आत गेले आणि मी 'कच्चं' उघडलं.

मी मनाशी म्हटलं, एवढं एक झालं की लगेच दुसरं. फाइली मोठ्या होत्या. पहिल्या खेपेत चार आल्या. दुसऱ्या खेपेत बाबा शेजारी होते, तरी मी स्क्रीन जरा तिरकी करून तेच चालू ठेवलं आणि ते मुकाट्याने वारा घालत राहिले. तिसऱ्या खेपेत 'कच्चं' पूर्ण झालं. तासभर थांबून मी 'पुस्तक' उघडलं. दहावं प्रकरण निम्मं आलं असेल, तेवढ्यात आतून खरवडल्यासारखा आवाज आला. त्यानंतर ती डिस्क उघडली नाही. पुढे त्या माणसाकडेही पाठवून पाहिली, त्याच्यानेही काही निघालं नाही.

बाबांना सांगायला मला संध्याकाळ झाली. सगळं सांगितलं, काय केलं आणि का केलं तेही. मग त्यांनी मला जवळ बोलावलं. मी कान नेला.

"माझा आवाज बसणार आहे का परीक्षेला?"

मी रडले. त्यांनी रडू दिलं. मग कपाटातून भूगोलाचं पुस्तक काढून माझ्या हातात दिलं, दहाव्या प्रकरणाशी उघडून.

मुलीला फोन करून मी खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "ताई, मग तुम्ही वाचा ना. फक्त डेली पाठवा. लास्टला एकदम सगळं ऐकायला टाइम नाही भेटणार."

नव्या दोन डिस्क आणल्या. एक पेटीत बसवली, चारी बाजूंनी हवा खेळेल अशी, आणि दुसरी रोज नक्कल करून कपाटात ठेवायची. मी माइकसमोर बसले. बाबांचा हात सवयीने पंख्याच्या बटणाकडे गेला. मी म्हटलं, "नाही. हा चालूच राहील." बाबांना मी असं तोंडावर कधी नाही म्हटलं नव्हतं. त्यांनी हात मागे घेतला.

रोज दुपारी मी वाचू लागले. ते समोर बसायचे, डोळे मिटून. मी घाई केली की त्यांचं एक बोट वर व्हायचं आणि मी तेच वाक्य पुन्हा घ्यायचे. वारे, मृदा, जंगलं, खनिजं, धरणं. कधीकधी बोट बराच वेळ वर व्हायचं नाही. मी पाहायचे, तर त्यांना झोप लागलेली असायची. उजेड त्यांच्या गुडघ्यावर आलेला असायचा आणि मी आवाज न बदलता कोयनेच्या काठाने पुढे चालत राहायचे. त्या दुपारी मला कसलीच घाई नसायची. वाटायचं, पुस्तक जाडजूड असतं तर बरं झालं असतं.

चौदावं प्रकरण संपलं त्या दिवशी ते जागे होते. अशा पुस्तकांच्या शेवटी वाचणाऱ्याने आपलं नाव सांगायचं असतं. मी म्हटलं, "वाचन," आणि बाबांचं नाव घेतलं. नऊ प्रकरणं त्यांची होती. पुढची पाचही, वाचून हरवलेली, त्यांचीच होती. त्यांनी नाही अशी मान हलवली, माइक स्वतःकडे ओढला आणि माझं नाव घेतलं. पूर्ण, आडनावासकट.

नंतर मी हेडफोन लावून ऐकलं. माझा आवाज ठीक होता. बाबांची कुजबुज पंख्याच्या घरघरीत बुडाली होती. घरघर काढून टाकायला सॉफ्टवेअर असतं, ते वापरून पाहिलं. त्याला कुजबुज आणि घरघर यांतला फरक कळेना. पंखा पुसायला गेलं की बाबाही पुसले जात होते. मी काहीच न पुसता फाइल पाठवून दिली.