आवाज मोजणारे नायक सर

नायक सर गेल्याचं मला शाळेत कळलं. सुरतेत उधन्याच्या मराठी शाळेत मी विज्ञान शिकवते. नववीचा तास चालू असताना शिपाई बोलवायला आला, मुख्याध्यापकांच्या खोलीत माझ्यासाठी फोन होता. पलीकडे सरांच्या पत्नी इलाबेन होत्या. सर पहाटे गेले, दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही, एवढंच त्यांनी सांगितलं. मी वर्गात परतले आणि उरलेला तास घेतला. काय शिकवलं ते आठवत नाही… मुलं मात्र त्या दिवशी फार शांत होती. त्याला आता दीड महिना होईल.

हर्षदभाई नायक कॉलेजात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते आणि आवाज हा त्यांच्या संशोधनाचा विषय. मी त्यांच्याकडे एम.एस्सी.ला आले तेव्हा वर्गात माझ्या मोठ्या आवाजाला सगळे हसायचे. माझी शाळा मराठी, त्यामुळे गुजराती धड येत नव्हतं आणि जे यायचं ते ओरडून बोलल्यासारखं. एकदा प्रयोगशाळेत मुली अशाच हसल्या आणि मी वही मिटून बाहेर आले. सर मागोमाग आले. समजूत वगैरे घातली नाही. घरात कुणाला कमी ऐकू येतं का, एवढंच विचारलं. मी म्हटलं, वडिलांना. ते काय करतात? माग चालवतात. मग सरांनी विचारलं, "मला त्यांच्याकडे नेशील?"

आमचे दादा, म्हणजे माझे वडील, अमळनेरकडचं गाव सोडून सुरतेला आले तेव्हा मी पाळण्यात होते. नवागामच्या आमच्या चाळीत बहुतेक घरं खानदेशातली, आणि बहुतेक पुरुष मागावर. दिवसभर त्या खडखडाटात उभं राहून आलेली माणसं घरीही मोठ्यानं बोलायची. त्यात काही वेगळं आहे, असं मला सर येईपर्यंत वाटलंच नव्हतं. सरांनी एका मागकारखान्याच्या शेठकडून कामगारांचे कान तपासायची परवानगी काढली. दादा त्याच कारखान्यात होते. सुटीच्या दिवशी माग बंद असत, तेव्हा सुताच्या गोदामात तपासणी चालायची. भिंतींशी रचलेल्या गाठींमुळे तिथं आवाज घुमत नसे. कान तपासायचं यंत्र सरांनी एका डॉक्टर मित्राकडून मागून आणलं होतं. माणसाच्या कानांवर हेडफोन चढवायचे, बारीक शिटीसारखा आवाज सोडायचा, ऐकू आला की त्यानं बोट वर करायचं. मी अहिराणीत समजावून सांगायचे आणि कागदावर नोंदी करायचे.

दादांची पाळी आली. ते प्रत्येक वेळी बरोबर बोट वर करत होते. मला बरं वाटलं. सरांनी मात्र त्यांची खुर्ची हळूच भिंतीकडे वळवली. दादा सरांच्या हाताकडे बघून बोट उचलत होते… खुर्ची वळल्यावर ते बोट पुन्हा वर गेलं नाही. ती शिटी हेडफोनमधून बाहेर मला ऐकू येत होती. बाहेर पडताना दादा माझ्याकडे न बघता म्हणाले, "हाई शेठले समजाले नको." मी ते सरांना सांगितलं. सर उठून दादांच्या समोर गेले आणि कुणालाच कळणार नाही, असा शब्द दिला.

ऐकू येत नाही हे कळलं तर शेठ कामावरून काढेल, ही भीती सरांनी आधीच ओळखली होती. म्हणूनच कागदांवर फक्त क्रमांक टाक, असं त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. पण बापाच्या वयाची माणसं समोर बसायची, आपलं नाव, गाव हौसेनं सांगायची. त्यांना क्रमांक देणं मला बरं वाटेना. मी वरच्या कोपऱ्यात नाव लिहायचे. त्याखाली वय आणि मागावर किती वर्षं काढली ते. कागद मीच कपाटात लावून ठेवायचे, सर ते बघत नसत.

वर्षभराच्या नोंदी झाल्या आणि शेठचा मॅनेजर कॉलेजात आला. परवानगी आम्ही दिली, कागद आम्हाला दाखवा, असं त्याचं म्हणणं. विभागप्रमुखांनीही संध्याकाळपर्यंत देऊन टाका म्हणून सांगितलं. सरांनी कपाट उघडलं आणि पहिल्यांदाच त्यांनी ती नावं पाहिली. मी भिंतीला टेकून उभी होते. सर्वांत वर दादांचाच कागद होता.

सरांनी कात्री मागितली. एकेका कागदाचा वरचा भाग ते कापत गेले. नावाबरोबर वय, वर्षं, सगळं जात होतं. वय-वर्षांशिवाय उरलेल्या नोंदींना काही अर्थ उरणार नव्हता, हे मलाही कळत होतं. नुसतं नाव खोडलं तर? मी कसंबसं विचारलं. वय आणि वर्षांवरून मॅनेजर माणूस ओळखेल, सर म्हणाले. कापलेल्या पट्ट्या त्यांनी बेसिनमध्ये पाण्यात बुडवल्या. शाई सुटून पाणी निळं झालं. मी रडायला लागले तेव्हा ते हात पुसत म्हणाले, "भूल मारी छे. मी एकदा तरी बघायला हवं होतं."

मॅनेजर उरलेले कागद घेऊन गेला. कुणाची नोकरी गेली नाही. सरांचा शोधनिबंध मात्र कधीच छापून आला नाही आणि पुढच्याच वर्षी ते निवृत्त झाले. त्या प्रसंगाबद्दल ते पुन्हा कधी बोलले नाहीत. मला दुसरा विषय देऊन, शेजारी बसून, त्यांनी माझं एम.एस्सी. पुरं करून घेतलं. त्यानंतर दादा दर दिवाळीला त्यांच्याकडे जायचे. दोघं तासन्‌तास काय बोलतात, मी कधी विचारलं नाही.

गेल्या आठवड्यात दादांना घेऊन मी सरांच्या घरी गेले. दादांना आता जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. इलाबेन आतल्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसल्या होत्या, चार बायका भोवती. दादांना बघताच त्या उठल्या, आपली खुर्ची ओढत खिडकीशी नेली आणि उजेडाकडे तोंड करून दादांच्या समोर बसल्या. मी मध्ये पडून मोठ्यानं सांगायला लागले, तर त्यांनी हातानंच थांबवलं. "तुझे सर असेच बसायचे यांच्यापुढे," त्या म्हणाल्या. मग ओठ सावकाश हलवत त्यांनी दादांना त्या पहाटेचं सगळं सांगितलं, अगदी हळू आवाजात. दादा त्यांच्या ओठांकडे एकटक बघत होते. मधेच त्यांनी मान हलवली आणि डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.