कवळीवाले पुंजाराम

सोमवार, १८ नोव्हेंबर २०२४. गारठा. दूध साडेसहाला आलं. दहाला दातांच्या दवाखान्यात गेले. कवळी तयार नाही.

दवाखान्यामागच्या खोलीत पुंजाराम कवळ्या करतात. मूळचे नांदगावचे, एकतीस वर्षं हेच काम. शेकडो तोंडं त्यांनी घडवली, पण चेहरे क्वचितच पाहिले. पेशंट पुढच्या दाराने येतात आणि तिथूनच जातात. बायको गेल्यापासून ते डबाही त्याच खोलीत एकटे खातात. कवळीची चौकशी करायला मी थेट आत गेले तर त्यांनी स्टूल दोनदा पुसलं.

मला घाई होती. सहाला टोरांटोहून मुलाचा, शेखरचा, व्हिडिओ कॉल येणार होता. नातीचा वाढदिवस. बोळक्या तोंडाने तिच्यासमोर यायचं नव्हतं.

“संध्याकाळपर्यंत द्याल ना?”

“बाई, ह्याला रातभर मंद आच लागते.” त्यांनी पावडर आणि लिक्विड कालवून दाखवलं. “लिक्विडचे कण सुटे सुटे असत्यात. ऊब मिळाली की एक दुसऱ्याला धरतो, दुसरा तिसऱ्याला. लय लांब साखळी होते, तवा कवळी टणक. एकदम तापवलं तर धरायच्या आधीच लिक्विड उकळतं. आत भोकं पडत्यात.” मग हळूच म्हणाले, “मागच्या महिन्यात दोन बिघडल्या. आता आणखी एक बिघडली तर डॉक्टर काम बाहेरच्या लॅबला देणार हायत.”

हे ऐकूनही मी म्हटलं, “बघा ना, जमलं तर.”

त्यांना नाही म्हणता आलं नाही. कालवलेलं साच्यात भरून एकच्या सुमारास त्यांनी तो सरळ उकळत्या पाण्यात ठेवला. तीन तास आम्ही बोलत बसलो. बहुतेक तेच बोलत होते.

चारला साचा फोडला. गुलाबी हिरडीच्या जाड भागात बारीक भोकं. पॉलिश करून खपलं असतं. पुंजारामांनी ती कवळी स्वतःच डॉक्टरांपुढे नेऊन ठेवली.

“घाई मी केली,” मी म्हणाले.

“घाई तुमची, आजी. गॅस कोणी मोठा केला?” डॉक्टर त्यांच्याकडे न बघता म्हणाले, “एक तारखेपासून काम बाहेर जाईल.”

पुंजाराम खोलीत परतले आणि त्यांनी माझ्या दातांच्या नव्या साच्यासाठी पुन्हा मेण तापवायला घेतलं.

“तुमची मात्र मीच करणार, बाई. गुरुवारी या. आता मला कशाची घाई नाय.”

घरी आले. नातीशी कॅमेरा बंद ठेवून बोलले.

मग रोजच्या वहीत लिहिलं: दूधभात खाल्ला. एक वाटी, एक चमचा घासून ठेवला.