चेंगटांची मंडई

कंपनीच्या बसमध्ये माझ्या नवऱ्याला नाव नव्हतं. "चेंगट चढला का? मंग सोडा गाडी," एवढंच. चेंगट म्हणजे ज्याच्या मुठीतून पैसा सुटत नाही तो. नवरा ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कंत्राटावर फिटर होता आणि मी घरी शाळेचे गणवेश शिवायची. खरं तर ते नाव माझं होतं. तो बिचारा माझ्या वाटचं ऐकून घ्यायचा आणि हसायचा.

आम्ही उपाशी राहत नव्हतो की फाटकं नेसत नव्हतो. फक्त कुठलीही वस्तू घेण्याआधी मी तिला एक प्रश्न विचारायची, तुझ्यावाचून कोण मेलं? बहुतेक वस्तू निरुत्तर व्हायच्या. सोफा झाला, टीव्ही झाला, दिवाळीचा नवा डिनर सेट झाला. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात कूलरला मात्र हा प्रश्न विचारायची माझी छाती झाली नाही. पगार आला की आधी पोस्टात जायचा, मग किराण्याला. बाजार उठता उठता वांगी, गवार, टमाटे मातीमोल मिळतात, ते पिशव्या भरून आणायचे, चिरायचे आणि गच्चीवर वाळवायचे. वीज केंद्राच्या धुराड्याची राख वरून पडते म्हणून त्यावर माझी जुनी साडी. घरात धान्याच्या कोठीपेक्षा वाळलेल्या भाजीची गाठोडी जास्त होती.

हे सगळं कशासाठी, तर जमिनीसाठी. नवऱ्याच्या वाट्याला वडिलांचं शेत आलं होतं, पण एवढंसं की बैल वळवायचा तर शेजाऱ्याची परवानगी लागावी. मला धानाची बांधी, म्हणजे भाताचं खाचर, हवी होती. आमची स्वतःची, बिनकर्जाची, दोन्ही हात पसरले तरी कुणाला न लागणारी.

आणि आमची दुसरी कमाई म्हणजे मंडई. दिवाळी सरली की ब्रह्मपुरीकडच्या धानाच्या गावांतून मंडई भरते, आज या गावची, उद्या त्या गावची. ज्या गावची मंडई, तिथलं प्रत्येक दार त्या दिवशी उघडं. नातेवाईक येतात, त्यांचे व्याही येतात, व्याह्यांचे दोस्त येतात. कोण, कुठले, कुणी विचारत नाही, पान वाढतात. आमच्या भाड्याच्या दोन खोल्यांना कुठली आली मंडई! त्यामुळे आम्ही कायमचे पाहुणे. अकरा वर्षं आम्ही मंडया जेवलो. कुठल्या घरी मटण चांगलं, कुठे वडे, कुठे दुपारी उशिरा गेलं तरी गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, काही उरलेलं असतं, हे मला तोंडपाठ होतं.

सगळ्यात नेमानं आम्ही जायचो ते नवऱ्याच्या लांबच्या मामीकडे. मामी सत्तरीची, गुडघ्यांनी बसलेली, जिभेनं उभी. मुलं पुण्यात. एक दिवस तिचा निरोप आला की दोन एकर बांधी आणि त्या बांधीच्या वरच्या अंगाला असलेली बोडी, म्हणजे लहानसं तळं, विकायचं आहे. पोस्टातली रक्कम आणि मामीची किंमत एकमेकींना चपलेच्या जोडासारख्या जुळत होत्या. आम्ही दुसऱ्याच दिवशी हजर.

"वीटभट्टीवाला तुमच्यापेक्षा जास्त देते," मामी म्हणाली. "पर तो माती खोदून नेईन. तुमी धान लावसान."

"मंग आमालेच द्या नं, मामी," नवरा म्हणाला.

"गावात इचारलं म्या. समदे म्हनते, चेंगटाले बांधी देशीन तं तिथं चिमनीलेबी दाना भेटनार नाई."

नवरा हसला. मामी हसली नाही.

"अकरा वर्सं माया ओसरीवर खाल्लं तुमी. या वर्सी तुमी खाऊ घाला. घर माहं, चूल माही, गंज माहे, बाकी समदं तुमचं. मंडईच्या दिवशी एक मानूस माया दारातून उपाशी गेला, तं वीटभट्टीवाल्याले फोन लागलाच समज."

मी विचारलं, "किती येतात हो मामी तुमच्याकडे?"

"पन्नास. साठ म्हन."

मी सत्तर धरले आणि कामाला लागले. पळसाच्या पानांच्या पत्रावळी महिनाभर आधीपासून टोचल्या. भात, लाखोळीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, माणशी दोन वडे. नवरा म्हणाला, मंडईला मटण नाही म्हणजे लोक मारतील. मी बोडीकडे पाहिलं.

"मामी, बोडीतल्या झिंग्यांचं काय?"

"बोडी माही, झिंगे माहे."

"जमीन घेतली की आमचेच होतील ना."

"आधी घे."

"अर्धे?"

मामीनं मला खालून वर पाहिलं. बैल घ्यायला आलेला माणूस दात बघतो तसं. "तू खरीच चेंगट हायेस वं," ती म्हणाली आणि अर्धे दिले. जुनी मच्छरदाणी लावून आम्ही टोपलंभर झिंगे, म्हणजे गोड्या पाण्यातली कोळंबी, काढले.

मंडईच्या आदल्या दुपारी झिंगे सोलत बसलो होतो, तेव्हा नवरा सहज बोलून गेला. आमच्याकडे निरोप घेताना "या बरं" म्हणायची पद्धत आहे. एकानं म्हणायचं, दुसऱ्यानं "येतो नं" म्हणायचं आणि कुणीच जायचं नाही. पण मंडईच्या दिवसांत तेच "या बरं" आवतण होतं, खरंखुरं. हे माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं असं नाही. पण अकरा वर्षं आवतण ऐकायचीच सवय, द्यायची वेळ कधी आली नव्हती. रजा मागताना सगळे विचारत होते, कुठे चालला, आणि हा सगळ्यांना सांगत होता, "मंडई हाय आमच्याकडे. या बरं."

"सगळे म्हणजे?" मी विचारलं.

"बसमधले."

"सकाळच्या फेरीतले का दुपारच्या?"

त्यानं एक झिंगा फार काळजीपूर्वक सोलला. "दोनीही."

दुसऱ्या दिवशी बारापर्यंत मामीचे साठ आले, जेवले, छान झालं म्हणाले. मग एक मेटॅडोर आली. मागून दोन जीपा. मागून मोटारसायकली, एकेकीवर तिघं. सगळे बायकापोरांसकट. सर्वांत पुढे नवऱ्याचा बसमधला शेजारी, ज्यानं चेंगट हे नाव ठेवलं तो, ओसरीवरूनच ओरडला, "चेंगटाच्या घरी जेवन! म्या तं खाडा करून आलो! वयनी, पानी बी देसान का घरून आनाव लागत होतं?"

"पानी फुकटच हाय, भाऊजी. पोटभर प्या," मी म्हटलं आणि आत जाऊन भिंतीला टेकले. गंजात दहा माणसांचा भात होता. बाहेर शंभरावर माणूस होतं. मामी खुर्ची दारात घेऊन काठीवर हनुवटी ठेवून बसली होती आणि बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाला अडवून विचारत होती, "पोट भरलं?"

दोन एकर माझ्या डोळ्यांसमोर विटा व्हायला लागले.

गाठोडी मी बरोबर आणली होती. वर्षभराची, बांधी मिळाली की इथेच लागतील म्हणून मामीच्या खोलीत ठेवायला. पहिलं सोडताना हात जड झाला. दुसरं सोडताना तेवढा झाला नाही. तिसरं मी ओरडून मागवलं. वांगी, गवार, टमाटे, सगळं गरम पाण्यात पडलं, फुगलं, आणि त्यात उरलेले झिंगे. गुळवणीसाठी गुळाची अख्खी भेली चुलीवर चढली. नवऱ्याला तांदूळ आणायला पिटाळलं. तो पोतं खांद्यावर घेऊन आला तो घामानं नव्हे, भलत्याच कशानं लाल झालेला.

"भाव नाई इचारला," तो माझ्या कानात म्हणाला.

"काय?"

"इचारलाच नाई. द्या म्हटलं अन् आनलं."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि आम्हाला हसू फुटलं. खर्च असा चढतो हे मला माहीत नव्हतं. लोक महिन्याच्या महिन्याला ही नशा करतात आणि तरी उठून कामावर जातात, याचं मला तेव्हापासून कौतुक आहे. "टाका, अजून टाका!" मी कढईपाशी ओरडत होते. मामीनंच दारातून सांगितलं, "हात आवर वं, तेल संपून राह्यलं." मी बसमधल्या शेजाऱ्याच्या हातात झारा दिला. खाडा केलाच आहे तर वडे तळा म्हटलं. तो तळत बसला आणि तळता तळता सगळ्यांना सांगत राहिला, "पाहा, चेंगट फुकट जेवाले देत नाई, काम करून घेते!" त्याची बायको पानं वाढत होती, जीपवाला विहिरीवरून पाणी ओढत होता. पंगतीवर पंगत उठली. चार वाजता गंज घासून पुसून रिकामे झाले, आणि दारात मामी प्रत्येकाची ढेकर तपासून सोडत होती.

तेवढ्यात वीटभट्टीवाला आला.

पांढरा शर्ट, हातात मोबाईल. "मंडई आहे म्हटलं, भेटून जावं," तो म्हणाला आणि ओसरीवर पान मांडायची वाट बघत बसला. मामीनं माझ्याकडे पाहिलं. अख्खी बस माझ्याकडे पाहत होती.

गंजाच्या बुडाला खरवड होती, भाताची करपलेली खरपूस पापडी. ती उलथन्यानं काढली, कढईतला झिंग्यांचा मसाला तिच्यात पुसून घेतला आणि वाढला. एवढ्यावर तो उठणार आणि नाक मुरडणार, असंच मी धरलं होतं. पण त्यानं एक घास घेतला, दुसरा घेतला, बोटं चाटली आणि पान पुढे केलं.

"आणखी वाढा, बाई."

आणखी नव्हतं.

मी थाळी उचलली आणि मागच्या दारानं बाहेर पडले. मंडईच्या दिवशी दुसऱ्याच्या चुलीपर्यंत कसं पोचायचं, यात माझा हात धरणारं त्या गावात कुणी नव्हतं. तिसरं घर, उजव्या हाताला, मटण उशिरापर्यंत असतं. घरच्या बाईनं काही न विचारता थाळी भरून दिली. परत येऊन वाढलं.

"हे तुहं नोहोय," मामी दारातून गरजली.

"मामी, माणूस उपाशी जाऊ नये म्हणालात. कोणाच्या गंजातलं ते नाही बोललात. मंडईच्या दिवशी गावाला दार एकच ना?"

मामीनं हनुवटी पुन्हा काठीवर टेकली. वीटभट्टीवाला जेवत होता. मटण संपलं, भात संपला, त्यानं पाण्याचा लोटा तोंडाला लावला, खाली ठेवला आणि मोठी ढेकर दिली. पार ओसरीच्या कौलापर्यंत गेली ती. बसवाले असे ओरडले की बाहेर जिलबीच्या दुकानापाशी लोक वळून बघायला लागले. शेजारी झारा नाचवत होता. वीटभट्टीवाल्याला काय झालं ते कळेना, तोही हसायला लागला.

"पोट भरलं?" मामीनं तरीही विचारलं.

"भरलं नं, मामी. मस्त भरलं. मंग ते बांधीचं..."

"बांधी गेली," मामी म्हणाली. "तू खाऊन राह्यला होता नं, तवाच गेली."

नंतर ब्रह्मपुरीला रजिस्ट्री झाली. मामीचा अंगठा, माझी सही, नवऱ्याची सही. तिथून सरळ बांधीवर गेलो. धान कापून झालं होतं, खोडक्यांमधून लाखोळी हिरवी उगवली होती. नवरा पार पलीकडच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन उभा राहिला, मी अलीकडच्या. मध्ये आमचे दोन एकर. त्यानं दोन्ही हात पसरले, मी पसरले. तो तिकडून काहीतरी ओरडला, मला शब्द कळला नाही, मीही ओरडले. शेजारच्या बांधीत भाजी खुडणारी बाई उभी राहून आमच्याकडे बघायला लागली.

"काऊन वं, काय झालं? साप हाय का?"

मला हसूच आवरेना. सांगायला तोंड उघडलं की पुन्हा हसू. शेवटी ती बिचारी काठी घेऊन धुऱ्यावरून धावतच आली.