चांगुणाबाई आणि बायनाची हजेरी

बोरी गाव मागं पडून अर्धा तास झाला तरी चांगुणाबाई बोलत नव्हती आणि मागंही हटत नव्हती. रुख्मिणीबाईंनी पाय उचलला की मागच्या वहाणांचा आवाज तेवढाच वाढायचा. त्या दमून हळू झाल्या की तीही हळू. दोघींमधलं वीस पावलांचं अंतर सकाळपासून कमी झालं नव्हतं की वाढलं नव्हतं. दोन्ही अंगाला ज्वारी उभी, रस्त्याला चिटपाखरू नाही, आणि जिंतूर अजून तीन कोस.

रुख्मिणीबाईंच्या खांद्याला कापडी पिशवी होती. पिशवीत सातवीच्या परीक्षेचे तीस अर्ज आणि वर्गाचा हजेरीपट. वर्गात मुलं एकतीस. एकतिसावा अर्ज चांगुणाबाईच्या कमरेला खोचलेला होता. तो तिच्या मेलेल्या बहिणीच्या मुलीचा, बायनाचा. त्यावर शाळेनं सही दिली नव्हती, कारण हजेरीपटाप्रमाणे बायना जूनपासून शाळेत आलीच नव्हती. जिंतूरच्या कार्यालयात अर्ज आज संध्याकाळपर्यंतच घेणार होते.

सन ऐंशीचा जानेवारी होता. परभणीकडं विद्यापीठाच्या नामांतराचा मोर्चा होता म्हणून सकाळची एस.टी. आली नाही आणि मुख्याध्यापक भगवानराव गुरुजी म्हणाले, "बाई, पायी निघा, शेवटची तारीख आहे." रुख्मिणीबाई नोकरीत अजून कायम झाल्या नव्हत्या. त्या निघाल्या. वेशीबाहेर चांगुणाबाई उभीच होती.

एका मैलाच्या दगडापाशी रुख्मिणीबाई थांबल्या आणि न वळताच म्हणाल्या, "तुझ्याच लोकांच्या मोर्च्यापायी गाड्या बंद आहेत. आता तंगडतोड कर म्हणावं."

"मी करायलेच हाय बाई. दम तुमाला लागलाय."

"माझ्या मागं येऊन काही होणार नाही. सही गुरुजींची लागते."

"हजिरी कोन लावतं?"

 हजेरी रुख्मिणीबाईच लावायच्या.

गोष्ट साधी होती आणि म्हणूनच लाजिरवाणी होती. बायना रोज शाळेत यायची. घंटेच्या आधी यायची, खिडकीजवळ बसायची, गणितं सगळ्यांत आधी सोडवायची. पण हजेरीत नाव घेतलं की 'हजर' म्हणायची नाही. मान खाली घालून पाटीकडं बघत राहायची. जूनमध्ये भगवानराव गुरुजी वर्गाच्या दारात उभे होते तेव्हा त्यांनी हे पाहिलं. म्हणाले, "मुकी असती तर मी दया केली असती. मैत्रिणीशी बोलती, म्हणजे हा माज आहे. जो हजर म्हणंल तो हजर, बाकीचे गैरहजर. लावा शून्य." रुख्मिणीबाईंनी शून्य लावलं. दुसऱ्या दिवशीही लावलं. मग हाताला सवय झाली. सकाळी गैरहजर लावायचं आणि दुपारी त्याच पोरीची वही तपासून खाली 'छान' लिहायचं, असं सात महिने चाललं.

रुख्मिणीबाई ज्यांच्या घरात खोली घेऊन राहत होत्या ते माणिकराव ओट्यावर बसून हसायचे. "विद्यापीठाला नाव द्या म्हणून बोंबलत्यात, अन् सोताच्या नावाला ओ देत न्हाईत." चार माणसं हसायची. रुख्मिणीबाई हसायच्या नाहीत, पण उठूनही जायच्या नाहीत. संध्याकाळी देवापुढं दिवा लावताना ती लाल शून्यं डोळ्यापुढं यायची. त्या वात नीट करायच्या आणि स्तोत्र जरा मोठ्यानं म्हणायच्या.

ओढ्यावर पाणी होतं. चांगुणाबाई काठावर बसली, फडक्यातली भाकरी सोडली, अर्धी मोडून पुढं केली. "घ्या. पुढं सावली न्हाई."

"मला उपास आहे. आज चतुर्थी."

"तुमच्या चतुर्थ्या लय सोयीच्या असतात बाई."

रुख्मिणीबाईंचा चेहरा लाल झाला. चतुर्थी खरीच होती, पिशवीत शेंगदाण्यांची पुडीही होती. पण ती काढून दाखवणं म्हणजे आणखी खाली उतरणं, असं त्यांना वाटलं. त्या उपाशीच बसल्या. चांगुणाबाई दोन्ही तुकडे सावकाश चावत राहिली.

चांगुणाबाई मूळची ताडकळसची. लग्न होऊन या गावात आली, खुरपणीला जाऊ लागली, कापूस वेचू लागली. नवरा सिताराम जिंतूरला सरकी काढायच्या कारखान्यावर, बाजाराच्या दिवशी घरी यायचा. पोटी मूल टिकलं नाही. अक्षराची ओळख नाही. तरी वस्तीतली सात पोरं रोज दिवे लागायच्या आधी तिच्या अंगणात जमायची, हे रुख्मिणीबाईंना माहीत होतं. मुलांच्या वह्यांना तिथल्या सारवणाचा वास असायचा.

"तू शिकवतेस तरी काय त्यांना?" रुख्मिणीबाईंनी विचारलं. विचारण्यात कौतुक नव्हतं.

"मी? मला काय येतंय. तीच मला शिकवत्यात. जाळपोळीनंतर पोरं पाढे इसरली. चुलीचा जाळ बघून थरथरायची. रागावून इचारलं की आणखीनच इसरायची. मंग मी म्हनले, मला बाराचा पाढा शिकवा, मला बाजारात फसवत्यात. मी चुकायची. मुद्दाम न्हाई, खरंच चुकायची. एकदा धाकट्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला, म्हनला, तुला अक्कल हाय का मावशे. त्या दिवशी सगळी पयल्यांदा हसली. तवापासून चालू हाय. मला बारा सत्ते अजून येत न्हाई."

"अन् बायना?"

"तीच तर मला लय मारती." चांगुणाबाईनं फडकं झटकलं. "तिला मी नावानं हाक मारत न्हाई. पाठीवर हात ठिवते. मंग बोलती."

"का? नाव घेतलं तर काय होतं तिला?"

चांगुणाबाई उठली, चालायला लागली. आता ती पुढं आणि रुख्मिणीबाई मागं. ओढ्याचा चढ चढून वर आल्यावर ती पुढं बघतच बोलू लागली.

"दीड वरीस झालं, त्या श्रावणात आमची अकरा घरं जाळली. तुमी तवा या गावात नव्हताव. मी सात पोरं घिऊन ज्वारीत शिरले. अख्खा दिस बसले. बांधावरून माणसं हाका मारायची. दुसरी कुठली न्हाईत, गावातलीच. त्यांना नावं तोंडपाठ. ए बायना, ये बाहेर, तुझा मामा आलाय. ए अमका, ये, खायाला देतो. गोड आवाजात बरं का. मी पोरान्ला सांगितलं, कोनी बी नावानं हाक मारली तरी ओ द्यायची न्हाई. जीव गेला तरी न्हाई. बाकीची पोरं महिन्याभरात इसरली. ही इसरली न्हाई."

रुख्मिणीबाई थांबल्या.

"तू मला हे आधी का नाही सांगितलंस?"

"तुमी इचारलं कवा? सात म्हयने शून्य काढलं, एक दिस तरी वस्तीत येऊन इचारलं, ही पोरगी का बोलत न्हाई? अन् मी कोन्या तोंडानं सांगू? म्याच शिकवलं तिला. तुमचं शून्य तुमच्या हातचं, पन त्याचं बियानं माझंच हाय." तिचा आवाज चढला नव्हता, पण एकेक शब्द गार होता. "परवा मला म्हनली, मावशे, मी खरंच शाळेत जाती का? वहीत तर मी न्हाईच. मी म्हनलं, जातीस. तर म्हनली, तुला कसं माहीत, तुला वाचता येत न्हाई."

 पुढचे दोन कोस रुख्मिणीबाई हजेरीपटाची पिशवी छातीशी धरून चालल्या.

जिंतूरच्या कार्यालयात कारकुनानं तीस अर्ज मोजून घेतले. एकतिसावा त्यानं बोटानं बाजूला सरकवला. "हजेरी पाऊण भरत नाही. सही नाही."

"हजेरी चुकीची लागली आहे," रुख्मिणीबाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना अनोळखी वाटला.

"एवढी? सात महिने?"

"सात महिने."

कारकुनानं एकदा त्यांच्याकडं, एकदा दाराशी उभ्या असलेल्या चांगुणाबाईकडं पाहिलं आणि ओठ वाकडे केले. "वर्गशिक्षक दुरुस्ती करू शकतात. पण प्रत्येक खाड्यावर सही. कारण लिहा, अन् जबाबदारी माझी असं लिहा. वर्गशिक्षकाच्या जबाबदारीवर अर्ज ठेवून घेतो. उद्या तुमचे हेडमास्तर आले तर मी हे रजिस्टर त्यांच्यापुढं टाकणार, हेही सांगून ठेवतो. कायम आहात का?"

"नाही."

"मग बघा बुवा."

बाहेर लिंबाखाली पार होता. रुख्मिणीबाईंनी हजेरीपट मांडीवर घेतला, मनातल्या मनात देवाचं नाव घेतलं आणि जूनचं पान उघडलं. शून्य खोडायचं, वर हजेरीची खूण करायची, शेजारी सही. जून झाला, जुलै झाला. बोटं दुखायला लागली. चांगुणाबाई समोर उकिडवी बसून प्रत्येक सहीकडं बघत होती, जणू वजनकाट्याकडं बघावं तशी.

"एक सुटलं," ती मध्येच म्हणाली.

"तुला वाचता येत नाही ना?"

"शून्य कळतं."

एक खरोखरच सुटलं होतं. कारणाच्या ओळीत काय लिहावं यावर रुख्मिणीबाई फार वेळ अडल्या. शेवटी त्यांनी लिहिलं, 'विद्यार्थिनी रोज उपस्थित होती. मी पाहत होते.' खाली नाव आणि तारीख. कारकुनानं ते वाचलं आणि अर्जावर शिक्का मारला.

परतीला एक ट्रक बोरीपर्यंत सोडायला तयार झाला. दोघी ट्रकची वाट बघत उभ्या राहिल्या. रुख्मिणीबाईंना वाटलं, आता ही काही तरी बरं बोलेल. चांगुणाबाईनं वहाण काढून आतला खडा झटकला. मग रुख्मिणीबाईच म्हणाल्या, "गुरुजी मला काढून टाकतील, ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"टाकतील. माणिकराव खोली बी सोडाया लावतील. मी काय तुमच्यासाठी रडू का? आमची घरं जळली तवा कोन रडलं?"

"तुमच्यासाठी केलं नाही मी हे."

"मला म्हाईत हाय. तुमच्या देवासाठी केलं. करा." तिनं पदर डोक्यावरून नीट घेतला. ट्रकवाल्यानं हात केला तरी ती जागची हलली नाही. "एक मागायचंय. कागद झाला, पन कागद पोरीला दिसत न्हाई. तुमाला काढायच्या आधी, उद्याच, सगळ्या पोरांदेखत सांगा. ही पोरगी सात म्हयने इथंच बसली व्हती, अन् मी तिला बघून न बघितल्यावानी केलं, असं. तिचं नाव घिऊ नका. तिच्या पाठीवर हात ठिवून सांगा."